खाते कोणाच्या ताब्यात? : सामान्य माणसाची संगणक-सुरक्षा आणि ई-मेल

प्रस्तावना

संगणक-सुरक्षा हा विषय सामान्य वाचकापर्यंत बहुधा दोनच वाटांनी पोहोचतो : फसवणुकीची बातमी छापून आल्यावर तिच्याखाली दिलेल्या ‘काय काळजी घ्याल’ या चौकटीतून, किंवा ‘ओटीपी कोणालाही सांगू नका’ या बँकेच्या संदेशातून. दोन्ही ठिकाणची सूचना खरी असते, पण ती सुटी असते. ओटीपी का सांगू नये, तो कोणत्या क्रमांकावर येतो, तो क्रमांक घरातल्या कोणाच्या नावावर आहे आणि ज्या ई-मेल खात्याला तो जोडला आहे ते खाते मुळात कोणी उघडून दिले, हे प्रश्न त्या चौकटीत मावत नाहीत. प्रस्तुत पुस्तक याच प्रश्नांविषयी आहे. घरातला किंवा दुकानातला संगणक, हातातला मोबाइल, ई-मेलचे खाते आणि त्यांच्या आधाराने चालणारे बँक, पेन्शन, सातबारा, शिष्यवृत्ती, रेल्वे तिकीट असे रोजचे व्यवहार एवढाच परीघ त्याने आखून घेतला आहे. राष्ट्राराष्ट्रांतले सायबर हल्ले किंवा मोठ्या कंपन्यांच्या यंत्रणा हा त्याचा प्रांत नाही.

या अभ्यासाची भूमी म्हणून भुसावळ निवडण्यामागे कारण आहे. मध्य रेल्वेच्या विभागाचे मुख्यालय, आयुध निर्माणी आणि दीपनगरचे औष्णिक वीज केंद्र यांमुळे या परिसरात पगारदार व निवृत्तिवेतनधारक कुटुंबांची वस्ती मोठी आहे, तर गावाबाहेर पडताच रावेर-यावलचा केळीचा पट्टा सुरू होतो, जिथल्या शेतकऱ्याला फळपीक विम्यापासून ई-पीक पाहणीपर्यंत प्रत्येक कामासाठी कोणत्या ना कोणत्या पोर्टलवर जावे लागते. शिकलेली मुले पुण्या-मुंबईत असतात आणि आई-वडिलांच्या मोबाइलमधले निम्मे व्यवहार तेच तिकडून सांभाळतात. त्यातच रेल्वेमुळे इथे हिंदी रोजच्या कानावरची आहे, म्हणून हिंदीतून बोलणारा ‘साहेब’ फोनवर आला तर त्याच्या भाषेवरून कोणाला शंका येत नाही. घरात लेवा गणबोली किंवा अहिराणी बोलणाऱ्या माणसाला कचेरीची भाषा वेगळीच असते हे सवयीने ठाऊक असते, आणि ठगाच्या पथ्यावर पडते ती नेमकी ही सवय.

ई-मेलच्या इतिहासाकडे पाहिल्याशिवाय आजच्या अडचणीचे मूळ कळत नाही. रे टॉमलिन्सन यांनी १९७१ मध्ये एका यंत्रावरून दुसऱ्या यंत्रावर संदेश पाठवला आणि नाव व ठिकाण वेगळे दाखवण्यासाठी ‘ॲट’चे चिन्ह योजले, तेव्हा जाळ्यावरची माणसे मोजकी आणि बव्हंशी एकमेकांना माहीत असलेली होती. १९८२ मध्ये जॉन पोस्टेल यांनी मेल पोहोचवण्याची जी नियमावली लिहिली, म्हणजे एसएमटीपी, तीही याच विश्वासाच्या वातावरणातली होती, आणि पाठवणारा स्वतःचे जे नाव सांगेल ते खरे आहे का हे तपासण्याची सोय तिच्यात नव्हती. भुसावळ जंक्शनवर रेल्वे टपाल सेवेत पत्रांची वर्गवारी करणारा कर्मचारी पाकिटावरचा घेणाऱ्याचा पत्ता पाहून ते योग्य थैलीत टाकत असे. पाठवणाऱ्याच्या जागी कोणी कलेक्टर कचेरीचे नाव लिहिले असले तरी ते खरे की खोटे हे पाहणे त्याचे काम नव्हते. ई-मेलची यंत्रणा आजही मुळात अशीच चालते. जाळ्यावरच्या शेकडो लोकांना न मागितलेला जाहिरातीचा संदेश एकगठ्ठा पाठवला गेला तो १९७८ मध्ये, म्हणजे नियमावलीत पाठवणाऱ्याच्या पडताळणीचा विचार करण्याइतका इशारा आधीच मिळाला होता.

नंतर ठिगळे लावली गेली. एखाद्या संस्थेच्या नावाने मेल पाठवण्याची मुभा कोणत्या सर्व्हरना आहे हे जाहीर करणारी एसपीएफ, मेलवर गणिती स्वाक्षरी करणारी डीकेआयएम आणि या दोन्हींत नापास झालेल्या मेलचे काय करावे हे सांगणारी डीमार्क या तीन व्यवस्थांमुळे खोट्या पत्त्याची पुष्कळ मेल आता ‘स्पॅम’च्या कप्प्यात जाऊन पडते. परंतु या व्यवस्था पत्ता तपासतात, हेतू तपासत नाहीत. बँकेच्या नावात एखादे अक्षर इकडचे तिकडे करून कोणी रीतसर पत्ता विकत घेतला आणि तिथून मेल पाठवली, तर ती तिन्ही परीक्षांत उत्तीर्ण होते. रिझर्व्ह बँकेने भारतीय बँकांसाठी ‘डॉट बँक डॉट इन’ हा राखीव पत्ता ठेवून ऑक्टोबर २०२५ अखेरपर्यंत सर्व बँकांनी त्यावर यावे असे ठरवले ते याच कारणाने. सामान्य ग्राहकाला शेवटची काही अक्षरे पाहून खरे-खोटे ठरवता यावे, ही या क्षेत्रातली अलीकडची सर्वांत उपयोगी सुधारणा म्हणावी लागेल.

भारतात सामान्यांसाठी इंटरनेट आले ते विदेश संचार निगमच्या सेवेतून, १५ ऑगस्ट १९९५ रोजी. त्याआधी संगणकाचा ‘रोग’ फ्लॉपीवरून येत असे. १९८६ मध्ये लाहोरच्या दोन भावांनी लिहिलेला ‘ब्रेन’ हा वैयक्तिक संगणकांवर पसरलेल्या पहिल्या व्हायरसांपैकी एक होता. महाराष्ट्रात या काळाची खूण म्हणजे पुण्यात कॅल्क्युलेटर दुरुस्तीपासून सुरुवात केलेल्या कैलास काटकर व त्यांचे बंधू संजय काटकर यांनी १९९० च्या दशकात उभे केलेले क्विक हील हे अँटीव्हायरस. ते गावोगावच्या संगणक दुरुस्तीच्या दुकानांपर्यंत पोहोचले, आणि ‘व्हायरस काढणे’ हे काम त्या दुकानांच्या फलकावर दिसू लागले. मे २००० मध्ये ‘आय लव्ह यू’ या विषयाची मेल जगभर पसरली आणि मेलला जोडलेली फाईल, म्हणजे अटॅचमेंट, उघडण्याची भीती लोकांना कळली. मे २०१७ मधला ‘वॉनाक्राय’ हा फायली कुलूपबंद करून खंडणी मागणारा कार्यक्रम होता. ज्या फटीतून तो शिरला ती बुजवणारी दुरुस्ती मायक्रोसॉफ्टने दोन महिने आधीच दिली होती, आणि ज्यांनी ती लावली नव्हती ते त्याच्या कचाट्यात सापडले.

ही दुरुस्ती का लावली जात नाही, याचे उत्तर आळस असे देणे सोपे आहे, पण ते अपुरे आहे. मराठी मुलखातल्या छपाई आणि डीटीपीच्या दुकानांत वर्षानुवर्षांचा मजकूर श्री-लिपी, आकृती अशा युनिकोडपूर्व फाँटांत साठलेला असतो. लग्नपत्रिकांचे नमुने, शाळांचे दाखले, संस्थांचे अहवाल त्यांत असतात, आणि ते उघडणारी जुनी आवृत्ती जुन्याच विंडोजवर नीट चालते. म्हणून विंडोज ७ ची दुरुस्ती जानेवारी २०२० मध्ये बंद झाल्यानंतरही तो संगणक चालू ठेवला जातो, त्यालाच इंटरनेट जोडलेले असते आणि त्याच्यावरच गिऱ्हाइकांचे पेन ड्राइव्ह लागतात. परवाना नसलेली विंडोज ‘ॲक्टिव्हेट’ करणारे जे छोटे साधन हातोहात फिरते, ते चालवण्याआधी अँटीव्हायरस बंद करायला सांगितले जाते, हेही इथेच नोंदवणे आवश्यक आहे. १४ ऑक्टोबर २०२५ रोजी विंडोज १० चीही नियमित दुरुस्ती थांबली आहे, तेव्हा हा प्रश्न आता घरोघरच्या संगणकांचा झाला आहे. प्रस्तुत पुस्तक अशा दुकानदाराला नवा संगणक घ्या एवढेच सांगून थांबत नाही. जुने यंत्र इंटरनेटपासून तोडून केवळ जुन्या फायलींसाठी कसे राखावे आणि मजकूर युनिकोडमध्ये कसा आणावा याचा विचार ते करते.

या क्षेत्रातील विचारांचे प्रवाह पाहिले तर पहिला आणि सर्वांत जुना प्रवाह तटबंदीचा आहे. अँटीव्हायरस, नको असलेली जोडणी अडवणारी फायरवॉल आणि वेळच्या वेळी दुरुस्ती ही त्याची साधने होत. दुसरा प्रवाह गूढलेखनाचा, म्हणजे संदेश गणिताने असा बदलण्याचा की ज्याच्याकडे योग्य किल्ली आहे त्यालाच तो वाचता यावा. डिफी आणि हेलमन यांच्या १९७६ च्या निबंधाने या शास्त्राला नवे वळण दिले आणि १९९१ मध्ये फिल झिमरमन यांनी पीजीपी हे साधन सामान्यांच्या ई-मेलसाठी खुले केले. परंतु १९९९ मध्ये अल्मा व्हिटन आणि डग टायगर यांनी काही सुशिक्षित माणसांना तेच साधन वापरायला दिले, तेव्हा दीड तासात बहुतेकांना संदेश नीट बंदिस्त करून पाठवता आला नाही. कुलूप उत्तम होते, ते लावता येत नव्हते. त्याच वर्षी ॲन ॲडम्स आणि अँजेला सॅसी यांनी वापरणारा माणूस हा सुरक्षेचा शत्रू नाही, त्याच्यावर लादलेले नियम त्याच्या कामाशी विसंगत असतात म्हणून तो ते मोडतो, असे दाखवून दिले. इथून तिसरा प्रवाह सुरू झाला, आणि हे पुस्तक मनाने त्याच प्रवाहातले आहे.

पासवर्डची कथा या प्रवाहाचे म्हणणे सर्वांत स्पष्ट करते. मोठे अक्षर, अंक, चिन्ह हवेच आणि दर काही महिन्यांनी पासवर्ड बदललाच पाहिजे, हा जगभर रुळलेला नियम अमेरिकेच्या मानक संस्थेच्या २००३ च्या मार्गदर्शिकेतून पसरला. प्रत्यक्षात लोकांनी नावापुढे ‘ॲट १२३’ जोडले आणि बदलायची वेळ आली की १२३ चे १२४ केले. २०१७ मध्ये त्याच संस्थेने भूमिका बदलली : लांबी महत्त्वाची, कारणाशिवाय ठरावीक मुदतीने बदल करायला लावू नये, आणि आधीच फुटलेल्या पासवर्डांच्या यादीशी ताडून पाहावे. आपल्याकडे अनेक पोर्टले अजून जुनाच नियम लावतात. चार असंबद्ध मराठी शब्द रोमन अक्षरांत सलग लिहिले तर होणारा पासवर्ड लक्षात राहायला सोपा आणि ओळखायला अवघड असतो. मात्र एक पासवर्ड एकाच खात्याला हवा, आणि वहीत लिहून वही घरात कपाटात ठेवणे हे एकच पासवर्ड सगळीकडे वापरण्यापेक्षा कितीतरी बरे, हे निवृत्त माणसाला निःसंकोच सांगायला हवे.

चौथा प्रवाह अर्थशास्त्राचा. केंब्रिजचे रॉस अँडरसन यांनी दाखवले की एटीएमच्या फसवणुकीचा भुर्दंड जिथे बँकेवर पडत होता तिथे बँका दक्ष राहिल्या, आणि जिथे तो ग्राहकाच्या माथी मारला जात होता तिथे त्या ढिल्या पडल्या. नुकसान कोण सोसतो यावर सुरक्षा किती होते हे ठरते, हा त्यांचा निष्कर्ष भारतातही लागू पडतो. रिझर्व्ह बँकेच्या ६ जुलै २०१७ च्या परिपत्रकाने, आणि त्याच वर्षी डिसेंबरमध्ये सहकारी बँकांसाठी काढलेल्या परिपत्रकाने, बँकेचा वा ग्राहकाचा दोष नसताना तिसऱ्याच्या कृत्याने रक्कम गेली आणि तीन कामकाजाच्या दिवसांत कळवले तर ग्राहकावर भार पडणार नाही असे ठरवले, आणि ग्राहकाची चूक सिद्ध करण्याची जबाबदारी बँकेवर ठेवली. पण ग्राहकाने स्वतः ओटीपी किंवा पिन दिला असेल तर कळवण्यापूर्वीचे सगळे नुकसान त्याचेच. आजची बहुतेक फसवणूक नेमकी या दुसऱ्या वर्गात बसवली जाते, आणि सहकारी पतव्यवहारावर वाढलेल्या खानदेशात या फरकाची माहिती फार थोड्यांना असते. बँकांची स्वतःची यंत्रणाही अभेद्य नसते : ऑगस्ट २०१८ मध्ये पुण्याच्या कॉसमॉस बँकेच्या यंत्रणेत शिरून सुमारे ९४ कोटी रुपये काढले गेले, त्यात कोणा खातेदाराने कोणाला ओटीपी सांगितला नव्हता.

कायद्याचा प्रवाह यामानाने थोडक्यात सांगता येतो. माहिती तंत्रज्ञान अधिनियम २००० चा. २००८ च्या दुरुस्तीने त्यात दुसऱ्याची ओळख वा पासवर्ड चोरण्याविषयी ६६-क आणि संगणकाद्वारे तोतयेगिरी करून फसवण्याविषयी ६६-ड ही कलमे आली. तक्रारीसाठी राष्ट्रीय पोर्टल २०१९ पासून आणि हेल्पलाइन २०२१ पासून आहे. तिचा क्रमांक १९३०. रक्कम एका खात्यातून दुसऱ्यात, दुसऱ्यातून तिसऱ्यात पळवली जात असते, म्हणून पहिल्या तासाभरातला फोन दुसऱ्या दिवशीच्या लेखी अर्जापेक्षा अधिक मोलाचा ठरतो.

या सर्व प्रवाहांचे एक गृहीत मात्र समान आहे : एक माणूस, एक यंत्र, एक खाते. भुसावळच्या परिसरात हे गृहीत टिकत नाही. महाराष्ट्र ज्ञान महामंडळाच्या एमएस-सीआयटी अभ्यासक्रमाने राज्यात लाखो लोकांना संगणक हाताळायला शिकवले, हे त्याचे ऋण मोठे आहे. पण ज्यांनी तो केला नाही त्यांचे ई-मेल खाते आपले सरकार सेवा केंद्राच्या काउंटरवर जन्माला येते. अर्जात मेल आयडीचा रकाना भरल्याशिवाय पुढे जाता येत नाही, शेतकऱ्याकडे आयडी नसतो, मागे रांग असते. केंद्रचालक दोन मिनिटांत खाते उघडतो, सर्वांना देतो तोच साचेबंद पासवर्ड देतो, तो रजिस्टरात लिहून ठेवतो आणि पुढे ओटीपीची अडचण नको म्हणून कधी आपलाच मोबाइल क्रमांक जोडतो. यात त्याचा वाईट हेतू नसतो, उलट त्या शेतकऱ्याची खेप वाचवल्याचे समाधान असते. पण त्या क्षणापासून ते खाते अर्जदाराच्या नावाचे आणि केंद्राच्या ताब्यातले होते. इतर बहुतेक सेवांचा विसरलेला पासवर्ड ई-मेलवरून वा जोडलेल्या मोबाइलवरून बदलता येत असल्यामुळे, मेल ज्याच्या ताब्यात त्याच्या हाती बाकी पुष्कळ खाती आपोआप जातात. पासवर्ड किती मजबूत आहे हा प्रश्न म्हणूनच दुसरा ठरतो. पहिला प्रश्न, खाते परत मिळवण्यासाठी कोणता क्रमांक आणि कोणता दुसरा मेल आयडी नोंदवला आहे, हा आहे.

फसव्या मेलचेही एक जवळून निरीक्षण इथे देणे योग्य होईल. निवृत्त कर्मचाऱ्याच्या मोबाइलवर ‘पेन्शन विभाग’ असे ठळक अक्षरांत पाठवणाऱ्याचे नाव दिसते. ते नाव पाठवणाऱ्याने स्वतः टाइप केलेले असते आणि खरा पत्ता त्या नावावर बोट दाबल्यावरच उघड होतो. तो सरकारी ‘डॉट जीओव्ही डॉट इन’ने संपत नाही, एखाद्या मोफत सेवेचा असतो. ‘उत्तर पाठवा’ दाबले की तिसराच पत्ता उमटू शकतो. तीच मेल संगणकावर उघडली तर जोडलेल्या फाईलचे नाव ‘थकबाकी तक्ता डॉट पीडीएफ’ असे दिसते, कारण विंडोज नेहमीच्या फायलींच्या नावाचा शेवटचा तुकडा मुळातच लपवून ठेवते, आणि त्या लपलेल्या तुकड्यात ‘डॉट ईएक्सई’ असते, म्हणजे ती वाचायची फाईल नसून चालणारा कार्यक्रम असतो. मजकुरात मुदत असते : नोव्हेंबरअखेर हयातीचा दाखला न दिल्यास पेन्शन थांबेल. मुदत खरी असते, विषय खरा असतो, महिनाही खरा असतो. खोटी असते ती फक्त वाट.

मोबाइलवर याच फाईलची जागा ‘एपीके’ने घेतली आहे, म्हणजे अधिकृत दुकानाबाहेरून थेट बसवले जाणारे ॲप. वाहतुकीचा दंड, किसान योजनेचा हप्ता, लग्नाची पत्रिका अशा नावांनी ते ओळखीच्याच माणसाच्या व्हॉट्सॲपवरून येते, कारण त्या माणसाचा फोन आधीच ताब्यात गेलेला असतो. बसवताना ते संदेश वाचण्याची परवानगी मागते आणि ती मिळाली की ओटीपी कोणाला सांगण्याची गरजच उरत नाही. दुसरीकडे, पोलीस किंवा सीबीआयचा वेष करून व्हिडिओ कॉलवर माणसाला तासन्‌तास घरात डांबणाऱ्या ‘डिजिटल अटके’बद्दल पंतप्रधानांना २७ ऑक्टोबर २०२४ च्या ‘मन की बात’मध्ये बोलावे लागले. अशी अटक कोणत्याही कायद्यात नाही. ठग नेहमी दूर कुठेतरी असतो हाही समज सोडावा लागेल : सप्टेंबर २०२५ मध्ये जळगावजवळ ममुराबाद रस्त्यावरील एका शेतघरावर पोलिसांनी छापा घातला, आणि पोलिसांच्या म्हणण्यानुसार तिथून परदेशी नागरिकांना फसवणारे कॉल सेंटर चालत होते. लॅपटॉपसमोर बसून बोलणारी मुले कोणाच्या तरी गावचीच असतात, आणि रोजगाराच्या प्रश्नाशी या गुन्ह्याचे असलेले नाते समजून घेतल्याशिवाय तो केवळ पोलिसी उपायांनी आटोक्यात येणार नाही.

पुस्तकाची निकड आज वाढण्याचे आणखी एक कारण भाषेचे आहे. आजवर फसवा संदेश बऱ्याचदा त्याच्या मोडक्या मराठीवरून ओळखू येई. यंत्राने लिहिलेली मराठी आता शुद्ध असते, आवाजाची नक्कलही होते, आणि म्हणून ‘भाषा पाहून ओळखा’ हा जुना सल्ला मागे घ्यावा लागतो. त्याच्या जागी हे पुस्तक एक साधी रीत सुचवते : आलेल्या संदेशातल्या दुव्यावरून किंवा क्रमांकावरून काहीही करायचे नाही, तीच गोष्ट आपण आपल्या वाटेने तपासायची, म्हणजे पासबुकावरचा क्रमांक फिरवायचा, पोर्टल स्वतः उघडायचे किंवा शाखेत जायचे.

म्हणून पुस्तकाची मांडणी यंत्रापासून सुरू होत नाही, घरापासून सुरू होते. घरात कोणते क्रमांक कोणाच्या नावावर आहेत, कोणते मेल खाते कोणी उघडले, पुण्यातल्या मुलाच्या फोनवर वडिलांचे कोणते ओटीपी जातात, याची एक पानी नोंद आधी करून मग पासवर्ड, दुहेरी पडताळणी, दुरुस्त्या आणि फायलींच्या प्रती याकडे ते वळते. केंद्रचालकांसाठी त्यात स्वतंत्र मजकूर आहे, कारण ते बदलले तर त्यांच्या रजिस्टरातली शेकडो खाती एकदम सुरक्षित होतील. ज्याची फसवणूक झाली त्याला मूर्ख ठरवणारा शब्द पुस्तकात कुठेही नाही. लाजेने गप्प बसलेला माणूस १९३० वर फोन करत नाही, याची जाण प्रत्येक पानावर आहे. व्यापारी संस्थांची यंत्रणा, समाजमाध्यमांवरील बदनामी आणि मुलांची सुरक्षा हे विषय महत्त्वाचे असूनही बाहेर ठेवले आहेत, त्यांना स्वतंत्र ग्रंथ हवेत.

एका विषयाला मात्र अशा पुस्तकांत सहसा न मिळणारी जागा इथे दिली आहे, तो म्हणजे खातेदाराच्या मृत्यूनंतरचे व्यवहार. निवृत्त कर्मचारी वारला की कुटुंबनिवृत्तिवेतनाची कागदपत्रे होतात, पण त्याचा मोबाइल रिचार्जअभावी बंद पडतो, आणि बंद झालेला क्रमांक ९० दिवसांनंतर दूरसंचार कंपनी दुसऱ्या ग्राहकाला देऊ शकते. तोवर बँकेत आणि मेलवर तोच क्रमांक नोंदलेला राहिला, तर पुढचे ओटीपी अनोळखी माणसाच्या हातात पडतात, आणि दोन वर्षे न वापरलेले मेल खाते गूगल काढूनही टाकू शकते. तेराव्यानंतर वारसांनी कोणता क्रमांक आधी बदलावा, कोणता चालू ठेवावा आणि हयात असतानाच गूगलच्या ‘निष्क्रिय खाते’ सोयीत कोणाचे नाव घालून ठेवावे, याची क्रमवार माहिती शेवटच्या भागात आहे. ज्या घरात ज्येष्ठ मंडळी आहेत त्यांनी पुस्तक तिथूनच उघडले तरी चालेल.